काकांचं सुतक कुणाकुणाला

अन् चहा काही मी तुम्हाला देणार न्हाई, अवधूतदादा, आधीच सांगते — सुतकातल्या घरचा चहा बाहेरच्याला देत न्हाईत. बसा, ओट्यावर बसा. तुम्ही बाहेरचे कसे? हो हो, पुतणेच की तुम्ही काकांचे, त्यांना दुसरं होतं कोण, अग्नी तुम्हीच दिला, अन् लगेच गाडी फिरवून पुण्याला गेल्ते. पण कपाळाला गंध दिसलं, म्हणून मला वाटलं बाहेरचेच. सुतक कुणाचं म्हणजे? भालचंद्रकाकांचंच! आम्ही शेजारी, आम्हाला कशाला — हेच ना? आमचे मालकबी हेच म्हणले, ‘बेबीनंदा, तो माणूस आपला कोण लागतो?’ मी म्हणलं, भिंत लागते. त्यांची न् आमची भिंत एकच. ते खोकले की मी इकडं उठून बसायची, न् मी भांडं आपटलं की ते तिकडून विचारायचे — बेबी, आज काय बिघडलं? सख्खा दीर आहे माझा हसनाबादला. त्यानं कधी विचारलं? न्हाई विचारलं.

तर मी धरलं दहा दिवसाचं. देवाला दिवा न्हाई, वरणाला फोडणी न्हाई. मालक एमआयडीसीतल्या ढाब्यावर मटण खाऊन आले — म्हणे सुतक गल्लीपुरतं आहे! बरं, मी धरलं तिथवर ठीक होतं, तर उषाबाई दारात हजर. म्हणे, ‘काका माझं पिठलं वाटी चाटून खायचे, मंग मला कसं सुतक न्हाई?’ मी म्हणलं, तुम्ही तीन दिवस धरा, लग्न झालेल्या लेकीसारखं. बसल्या फुगून — तीनच का म्हणून! मंग आला कडूबा, दूधवाला. त्याला मी नुसती आंघोळ सांगितली, तर म्हणतो, ‘काकी, दुधात पाणी आहे म्हणून काकांनी रोज शिव्या घातल्या मला, एवढ्या तर माझ्या बापानं न्हाई घातल्या.’ काय करता? द्यावे लागले त्यालाबी तीन. असं करता करता सगळी गल्ली सुतकात — अन् मारुतीला दिवा लावायला माणूस न्हाई! मी म्हणलं, चांगुणाबाई आहे ना, नालीवरून जन्मभर भांडली काकांशी, तिला कशाचं सुतक! तर ती रडायलाच लागली हो. म्हणे, ‘परक्याशी का कुणी एवढं भांडतं? भांडण भाऊबंदाशी असतं. पहिलं सुतक माझं!’ आता बोला. बराबरच बोलली बाई. शेवटी पलीकडच्या गल्लीतून माणूस आणला दिव्यापुरता, तर तोबी वात करता करता विचारतो — काका मलाबी रामराम घालायचे, माझं काही निघत न्हाई का?

हसू नका. अन् हे काय, पिशवीत पेढे? राजूरच्या गणपतीला जाऊन आलात वाटतं. कशाचे? साखरपुडा? तुमचा? अरे वा — कधी? उद्या! अहो, उद्या काकांचा दहावा आहे. हॉल घेतलेला आहे, हां. पोरीकडच्यांना काका गेल्याचं सांगितलंच न्हाई — हां, ते तर बराबर, डोकं भादरून साखरपुड्याला कसं बसणार. मंग उद्या कुंडलिका नदीवर पिंड कोण देणार? कुणीच न्हाई?

न्हाई, मी गुरुजींना विचारलं होतं — सहज हो, रस्त्यात भेटले म्हणून. ते म्हणले, घरचं कुणी नसलं तर शेजारीणबी देऊ शकते, पण घरच्याच्या तोंडून हो आलं पाहिजे. म्हणजे मी काही तुमची वाट पाहून राह्यले नव्हते. काळे तीळ तेवढे आणून ठेवलेत. अन् दर्भ. अन् अंगठ्यावरून पाणी सोडायचं असतं ना, ते मोरीत करून पाह्यलं, जमतंय मला. तुम्ही न्हाई म्हणलात तर न्हाई, रक्ताचे तुम्ही आहात. मंग मी एवढे दिवस नुसता अळणी वरणभात खाल्ला म्हणायचं, दुसरं काय. कोणाची कोण मी! पण तुम्हाला जमत नसलं तर — द्या मला ते सुतक तुमचं. जल्दी न्हाई. सख्खा काका होता. सुट्टीला यायचे तुम्ही तेव्हा खांद्यावर बसवून जत्रेत फिरवायचा, मी पाह्यलंय. तर जरा घरी बोला, विचार करा, मंग —

हो?

विचार न करताच हो?

बरं.

न्हाई न्हाई, वाईट कशाला वाटेल, मीच मागितलं की. वाटलं, जरासं तरी धरून ठेवाल. उठा आता, पुण्यापर्यंत जायचं तुम्हाला. पेढे राहू द्या पिशवीतच. अहो — पाया काय पडता, मागं व्हा! शिवू नका मला. आमच्या घरातलं माणूस गेलंय.