बाहेर चपला नव्हत्या

— नाही मावशी, ढकलू नका, तसं नाही उघडायचं ते, बाहेरून कुलूप लागलंय. ऐकलंत ना तुम्ही पण, 'आत कोनी नही शे' — तो आमचा शिपाई, तोताराम, अमळनेरकडचा. हाका मारून काय उपयोग, गेला तो जेवायला. अडीचला उघडेल. खिडकी एसीसाठी ठोकून टाकलीय. बसा ना, ही खुर्ची घ्या. त्याची तरी काय चूक? आमच्या केळी सोसायटीचा नियमच आहे, कॉम्प्युटरच्या खोलीत चपला आणायच्या नाहीत, धूळ जाते म्हणे. मग दाराशी चपला दिसल्या की आत माणूस, नाही दिसल्या की कुलूप — तोतारामभाऊंचा हिशोब सोपा. तुम्ही तुमच्या पिशवीत घालून आत आणल्या. बरोबरच आहे, नव्या दिसतात, त्यात आज फैजपूरचा बाजार, कोण पायात घालून जाईल नेम नाही. माझ्या? माझ्या पण... आतच राहिल्या आज. चुकून.

माय व! — काही नाही, यूपीएस वाजला. मी अशीच दचकते, लहानपणापासून. तुम्ही तर सगळे रविवारी येणार होतात ना धुळ्याहून, मुलगी बघायला? मी साडी तरी नेसले असते. कामावर कशी दिसते ते आधी बघावं म्हटलं — असं म्हणालात ना मघाशी, तुमच्या भाच्यासाठी म्हणून? बघा मग. ही अशी दिसते. एवढंच करते दिवसभर. आणि हे पडद्यावर दिसतंय ना, हे डॉस. यात वॅगनची यादी असते, कुणाची केळी कुठल्या वॅगनमध्ये दिल्लीला गेली ती. यातलं इकडचं तिकडे झालं तर आमचे चेअरमन नाना मला उभी चिरतील. म्हणून मी काय केलं — जळगावला बीएस्सीला असताना एका मॅडमनी दिलेल्या फ्लॉप्या होत्या, लिनक्सच्या, म्हणजे दुसरीच सिस्टीम — ती डॉसच्याच एका कोपऱ्यात गुपचूप ठेवली. मशीन बंद नाही करायचं. चालू डॉसलाच सांगायचं, लोडलिन, आणि पुढे नव्या कर्नलचं नाव. कर्नल म्हणजे — म्हणजे गाभा हो, कीबोर्ड, पडदा, डिस्क, सगळे त्याचंच ऐकतात. डॉस स्वतःच त्या नव्याला उचलून आत आणतं, आणि तो आला की याच्याच जागेवर बसतो, हे पुसलं जातं. तुमच्याकडे कापूस, तुम्हाला सवय नसेल, आमच्याकडे केळीचं खोड उभं असतानाच बुडाशी पील, म्हणजे नवा कोंब, धरतात, खोड कापलं की तीच केळ. फक्त इथे खोड स्वतःच विळा आणून देतं. दाबू एंटर? हे बघा ठिपके... या ओळी पळाल्या... गेलं डॉस. परत? नाही ना, इथून परत जायचा रस्ताच नाही. आता घर याचं.

काय म्हणालात? नाव? ताटात तांदूळ पसरून अंगठीनं — हो, माहीत आहे, पण माझं कशाला? थोरल्या जाऊबाई पण प्रमिलाच का. मग एका घरात दोन प्रमिला कशा चालतील. ठरलं सुद्धा? कुंदा. चांगलं आहे. छोटं आहे. तुमचं पण बदललेलं? बदलतातच, हो. आणि नोकरी — आबा म्हणाले होते, लग्नानंतर बघू... अच्छा. म्हणजे तुमच्याकडे बघून झालंय. दोन म्हशी. नाही नाही, शेण काढता येतं मला, त्याचं काही नाही.

मावशी, चपला चुकून नाही राहिल्या. रोज एक वाजता मी चपला त्या कपाटामागे ठेवते. रोज. पाच महिने झाले. तोतारामभाऊ कुलूप लावतात आणि अडीचपर्यंत हे मशीन माझं, कुणी प्रमिला म्हणून हाक मारत नाही, कुणी दचकवत नाही — हसू नका, कोंडून घेतल्याशिवाय मला मोकळं बसायला जागाच नाही. हे बोलायचं नव्हतं. आता तुम्ही तिकडे जाऊन सांगाल, मुलगी चक्रम आहे, स्वतःला कोंडून घेते. सांगा ना. खरंच सांगा. मला नाही म्हणता येत नाही हो, आबांसमोर उभी राहिले की जीभच उचलत नाही. तुमच्याकडूनच नकार आला तर आबा दोन दिवस जेवणार नाहीत, पण — देवा, काय बोलतेय मी.

दोन वीस झाले. थांबा, मशीन बंद करून चालू करते, तीनला यादी छापायचीय. घाबरू नका, डॉसच येईल. येईल ना! पुसलं गेलं ते मेमरीतलं, डिस्कवरचं जुनं जिथल्या तिथे आहे, त्याला मी हातही लावलेला नाही. बटण दाबलं की तेच उठतं, आपल्याच नावानं. हे बघा... आलं. यादी पण आहे.

मावशी, लताबाई हे तर सासरचं झालं. माहेरचं काय होतं?

मावशी?

भिकू... भिकुबाई. कोण म्हणायचं? आई? आणि नंतर कुणीच नाही? — अहो, पदर घ्या, डोळे... ती बघा किल्ली वाजली. उठा. चपला बाहेर जाऊन घाला, इथे नको, धूळ. सव्वातीनची धुळ्याची एसटी मिळेल तुम्हाला, बाजारामुळे गर्दी असेल, लवकर जा. नाही, मला आत्ता काही सांगू नका. जा.

काय म्हणालात? रविवारी पोहे भिजवू नको?

...तोतारामभाऊ, दार लोटून घ्या. यादी छापायचीय.