राघोपंतांची अर्धी राहिलेली हजामत

कल्याण, ता. २८ एप्रिल १८९१, मंगळवार.

या वहीत दोन महिने एक अक्षर लिहिले नाही. क्षमा मागावी तर कोणाची हा प्रश्नच आहे. तूर्त वहीचीच मागतो. आज कचेरी सुटल्यावर वाचनालयाच्या दिवाणखान्यात राघोपंत मेहेंदळे यांना निरोप दिला आणि मला बोलावे लागले. बोललो ते आठवेल तसे, पुढे-मागे न सुधारता उतरून ठेवतो.

माननीय अध्यक्ष महाराज, बैठकीवर बसलेले वडीलधारे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती राघोपंत, कचेरीतील स्नेही, समोर दाटीवाटीने बसलेले सभ्य गृहस्थ आणि पलीकडच्या खोलीत पडद्याआड बसलेल्या माता-भगिनी,

राघोपंत तेहेतीस वर्षांची नोकरी संपवून पुण्यास जात आहेत. त्यांच्या अक्षराची, सचोटीची आणि जमीनबाबीच्या ज्ञानाची स्तुती माझ्या आधी तिघांनी केली. माझ्यासाठी त्यांनी एकच विषय शिल्लक ठेवला. तो आपणा सर्वांना इथून दिसतोच आहे. (हशा.) होय, मी राघोपंतांच्या केसांविषयी बोलणार आहे.

परवानगी घेतली आहे. काल त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांची कन्या शालू म्हणाली, "काका, सगळं सांगा. फक्त बाबांना साधू करू नका. लोकांनी ते आधीच केलंय."

तेही खरेच. शहाडला नदीपार जाताना एका बाईने यांच्या पायावर नारळ ठेवला होता. राघोपंत म्हणाले, "बाई, मी मामलेदार कचेरीतला कारकून." बाईने नारळ लगेच उचलून घेतला. (हशा.)

आणि सखुबाईचा किस्सा कोणास ठाऊक नाही? राघोपंत तळ्याच्या पायरीवर पाठमोरे बसून केस धूत होते. मासळीची पाटी घेऊन सखुबाई आली आणि म्हणाली, "सरक गो बाय, वाट दे." राघोपंत वळले. दाढी ते स्वतःच कात्रीने आखूड करतात, पण दाढी ती दाढीच.

"आगं आई! बायला दाढी!" सखुबाईने पाटी सावरली. "कवरं तेल लागतं रं भटा तुला?"

"घरातलं सगळं. उरेल त्यात भाजी होते."

त्या दिवसापासून सखुबाई यांना भर बाजारात 'बाय' म्हणूनच हाक मारते आणि हे 'ओ' देतात. मामलेदारसाहेबांनी एकदा विचारले, "मेहेंदळे, नाटकमंडळीत जायचा बेत आहे काय?" उत्तर आले, "जाईन साहेब, पण गळा नाही." कोणी बैरागी म्हटले, कोणी जोगतीण म्हटले, पोरांनी दगड मारला नाही एवढेच. आणि दर वेळी हे हसत. आम्हाला वाटे, मनुष्य जात्याच आनंदी. आनंदी असणे आणि हसत राहणे यांतला फरक ओळखायला कॉलेजातले शिक्षण पुरत नाही, निदान मला पुरले नाही.

आता मूळ गोष्ट.

सात वर्षांपूर्वीपर्यंत राघोपंतांचे डोके तुमच्या-माझ्यासारखेच होते. घेरा, शेंडी, आणि दर आठवड्यास धाकू न्हावी दारी. तेव्हा शालू तेरा वर्षांची होती. अकराव्या वर्षी तिचे कुंकू गेले होते आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले होते. राघोपंतांच्या मातोश्री ठमाबाई आज पडद्याआड बसल्या आहेत. त्यांचीही परवानगी आहे. त्यांनी त्या दिवशी धाकूला सांगून ठेवले होते की आज पंतांचे झाल्यावर मुलीचेही डोके करायचे. त्यात दुष्टावा नव्हता. त्या स्वतः विसाव्या वर्षी त्याच पाटावर बसल्या होत्या. चाललेली रीत त्या पुढे चालवीत होत्या, इतकेच.

धाकूने राघोपंतांची उजवी बाजू केली. इतक्यात शालू वेणी सोडून ओटीवर आली. रडत नव्हती. वडिलांकडे जरा वेळ पाहून तिने विचारले, "बाबा, तुमचे केस पुन्हा येतात. माझे आले तर येऊ देतील?"

राघोपंतांनी धाकूचा हात धरला. "धाकू, उरलेलं राहू दे."

"पंत, अर्धंच झालंय."

"अर्धंच राहू दे."

आतून ठमाबाई आल्या. "अरे, अर्ध्या डोक्याने कचेरीत जाणार आहेस?"

"जाईन."

"लोक तोंडावर थुंकतील. चार महिने सोसणार नाहीस तू. लोकांच्या बोलण्याला भिऊन ज्या दिवशी तू धाकूपुढे बसशील, त्या दिवशी तीही बसेल. कबूल?"

"कबूल, आई."

तेव्हा गृहस्थहो, तुमच्या-माझ्या प्रत्येक थट्टेमागे हा करार होता. राघोपंत एक दिवस कंटाळले असते, तर त्या मुलीचे केस गेले असते. आम्हाला यातले अक्षर ठाऊक नव्हते. सांगितले असते तर लोक मुलीविषयी बोलले असते. ते आपल्याविषयी बोलत राहावेत, अशी यांनी तजवीज केली.

आणि आम्ही काय समजलो? आपल्याकडे पत्नी गरोदर असली की नवरा डोक्याला वस्तरा लावीत नाही. कचेरीने तर्क बांधला की पंचेचाळिशी उलटून पंतांच्या घरी पाळणा हलणार! अभिनंदने सुरू झाली. पंत म्हणत, "अहो, तसे काही नाही." आम्ही म्हणत असू, "संकोच कसला!" सात महिने झाले, नऊ झाले. कचेरीतल्या नाझरांनी पेढ्यांची आठवण केली. बारा महिने झाले, तेव्हा कोणी घरच्या विहिरीचे पाणी तपासायला सांगितले. (हशा.)

पंधराव्या महिन्यात, उन्हाळ्यात, कचेरीत पन्हे वाटले जात होते. मी, याच दिवाणखान्यात स्त्रीशिक्षणावर निबंध वाचणारा मी, पेला हातात घेऊन मोठ्याने म्हणालो, "राघोपंत, अहो इतके महिने पोटात हत्तीणच वागवते! घरात पोसलंय तरी काय?"

सगळे हसले. राघोपंतही हसले. पेला पुरता प्यायले आणि रजा मागून बाहेर पडले. माझी समजूत, पन्हे बाधले.

पुढचे मला सहा वर्षे ठाऊक नव्हते. गेल्या महिन्यात धाकू माझ्याकडे आला होता. तो आमच्याही घरी येतो. कोणाकोणासाठी येतो ते इथे सांगत बसत नाही. माझ्या अर्ध्या गालाला पाणी लागले असताना तो सहज बोलून गेला. मनुष्याला हलता येत नाही अशा वेळी खरे ऐकावे लागते.

त्या दिवशी राघोपंत भर दुपारी तळ्याकाठी धाकूच्या झोपडीशी गेले. पगडी काढली आणि मांडी घालून बसले. म्हणाले, "धाकू, मला बोलले ते सोसलं. आज घरच्या माणसाला बोलले. कर बाबा."

धाकूच्या एका हातात धार लावायचे पलाटणे होते आणि दुसऱ्या हातात वस्तरा. त्याने वस्तरा मांडीखाली सरकवला.

"पंत, आज वस्तरा नाही."

"अरे, आत्ता तर हातात होता."

"तो बोथट आहे."

"तुला बोथट चालतो का कधी?"

"नाही ना. म्हणूनच नाही म्हणतो." मग तो म्हणाला, "तुमचं डोकं केलं की संध्याकाळी मला तुमच्या घरून बोलावणं येईल. माझी तुळसा शालूताईएवढीच आहे. वस्तरा आज नाही, उद्या नाही. केव्हा येईल ते सांगता यायचं नाही. पगडी घाला, ऊन लागेल."

 मग दोघेही हसले म्हणे. पगडी घालून राघोपंत घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत मला स्वतः होऊन म्हणाले, "काल पन्हे छान झाले होते."

मी सुधारणेवर निबंध वाचला. सुधारणा केली ती एकाने डोके देऊन आणि एकाने वस्तरा लपवून. धाकू मागे दाराशी उभा आहे. त्याला पुढे येऊन बसायला सांगावे, अशी अध्यक्ष महाराजांना विनंती आहे. (टाळ्या.)

ठमाबाईंचे काय झाले? त्यांनी शब्द पाळला. धाकूला पुन्हा बोलावले नाही. चौथ्या वर्षी एके सकाळी राघोपंत फणीशी झटापट करीत होते. मातोश्री बराच वेळ पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "विंचरतासुद्धा येत नाही मेल्याला. बैस इकडे." तेव्हापासून सकाळी आधी नातीचे केस, मग मुलाचे. (पडद्याआड हशा.)

शालूताईंनी इथल्या मुलींच्या शाळेत दोन वर्षे शिकवले. आता त्या अध्यापिकेचे शिक्षण घेण्यासाठी पुण्यास निघाल्या आहेत, आणि आजी, आई, वडील त्यांच्यामागे बिऱ्हाड घेऊन. परवा शालूताईंनी वडिलांना म्हटले, "बाबा, आता कापा. आजी काही म्हणणार नाही." राघोपंत म्हणाले, "कापले असते ग, पण धाकूकडे वस्तरा नसतो."

मंडळींनी भेटीदाखल शालजोडी आणली आहे. तिच्यावर माझ्याकडून एक फणी आहे. फणी हस्तिदंती आहे. हस्तिदंतच का, ते राघोपंत आणि त्यांच्या घरची मंडळी ओळखतील. सहा वर्षे उशिरा का होईना, स्वीकारावी.

अध्यक्ष महाराजांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलेत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर पोटात घालावे. जे पूर्वी बोललो त्याची क्षमा मात्र मी राघोपंतांकडेच मागतो, सभेकडे नाही.

इथे भाषण संपले. टाळ्या बऱ्याच झाल्या. त्या ऐकताना बरे वाटले, आणि बरे वाटले याची लाज वाटली. पानसुपारीच्या वेळी राघोपंतांनी माझा हात धरून हळूच विचारले, "उद्या बुधवार. धाकू तुमच्याकडे येतो ना?"

येतो. दादा गेल्यापासून अकरा वर्षे, दर दुसऱ्या बुधवारी, वहिनींसाठी. मी तेवढा वेळ ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसतो. त्यांना काय हवे आहे, हे मी आजवर एकदाही विचारलेले नाही.

उद्यासाठी: धाकू येण्यापूर्वी वहिनींना विचारणे.