ज्याचे पाय चालतात

शनिवारच्या नेमाला जामसांवलीच्या मारुतीच्या रांगेत उभी होते. पुढे देवकाबाई शेजारच्या पंचफुलेला नागपूरच्या दवाखान्याचं सांगत होत्या.

"लिफ्ट एकच वो. जेवणाच्या गाड्या, मशिनी, माणसं, सारे तिच्यातच. सून स्ट्रेचरवर कण्हून राहिली, अन् आत डाक्टरलोकं!"

"मंग?"

"लिफ्टवाला म्हणे, 'ज्याचे पाय चालतात, त्यानं उतरा.' मोठा डाक्टरबी उतरला."

"बापा!"

"आक्सिजनची गाडी घुसली, तं जागाच सरली. मंग लिफ्टवाला सोताच उतरला. नर्सचे हात सलाईनची नळी धरण्यात गुंतले. म्हणून तो मले म्हणे, 'माय, तीन नंबरचं बटन तू दाब.'"

"भेव नाही लागलं?"

"लागलं ना. पण दाबलं. वर दार उघडलं, तं जिन्यानं पळत येऊन हा लिफ्टवाला समोर उभा!"

"अन् सून?"

"नातू झाला ना! नवस फेडाले तं आली."

मागून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. देवकाबाई बाजूला सरल्या.

"या बाबाजी, पुढं व्हा. माहे पाय चालतात."