खिडकीतून दिसेल तेवढं

—अहो, तोंड मिटून कसं चालेल मास्तर? अजून अर्धी वाटी सूप आहे. घ्या. गिळा. असं. अर्धांगाचा झटका आला म्हणून जीभ थांबली, डावं अंग थांबलं, पोट थोडंच थांबलंय? आणि मान तर छान हलते तुमची. डॉक्टरपण म्हणाले, कळतं सगळं यांना, विचारलं की मान हलवून सांगतात. मला त्या मानेचंच काम आहे आज. सांगते—आधी हा चमचा.

तर तुम्हाला दवाखान्यात नेलं त्या दिवशी—संध्याकाळी तुमच्याकडे शिकणारी पोरं आपली नेहमीसारखी येऊन पलीकडच्या हॉलच्या दाराशी उभी. कोणी सांगितलंच नव्हतं त्यांना. किल्ली माझ्याकडे, म्हटलं जावं, सांगावं, परत पाठवावं—आणि तोंडातून निघालं काय, तर 'चला, श्वास घ्या, हात सावकाश वर.' कसं निघालं? अहो, इतकी वर्षं माझ्या ओट्यासमोर तुमच्या हॉलची खिडकी! भाजी चिरता चिरता बघायचे. लोक भोचक म्हणतात—आहेच मी भोचक—पण हे गेल्यापासून घरात बोलायला आहे कोण? तुमचे हात फिरायला लागले की माझ्या जिवाला थंडावा वाटायचा. वार अडवायचा हात, समोरच्याला ढकलायचा हात, सगळे मला पाठ. आणि त्या दिवशी पोरांनी खरंच हात उचलले ना, मास्तर—मी म्हटलं आणि कोणी ऐकलं, असं जन्मात पहिल्यांदा झालं. मग दुसऱ्या दिवशी नाही कसं म्हणू? म्हणवेना हो.

एक अडचण होती खरी. माझ्या ओट्यावरून तुम्ही कमरेपर्यंतच दिसता. खालचं सगळं भिंतीआड. म्हटलं, खाली असून असणार काय—पायच ना, सगळ्यांनाच असतात. तुम्ही रोज ओरडायचात, 'पाय! पाय बघ आधी!'—मला वाटायचं, पोरं सतरंजीवर घाणेरडे पाय ठेवतात म्हणून रागावता. हसू नका. म्हणून मी तर दारातच सगळ्यांना पाय धुवायला लावायचे, धुवा म्हणजे स्वच्छ धुवा—आणि तशाच ओल्या पायांनी आत. आणि तो पडायचा धडा. तुम्ही 'पडा' म्हणालात की सगळी पोरं खिडकीतून गायब—धप्प!—आणि लगेच हसत हसत वर. मी म्हटलं, पडायचं म्हणजे पडायचं, ते का कोणाला शिकवावं लागतं?

असं बघू नका. हो. पडली. ती लांब वेणीवाली, शाळेतून दप्तरासकट यायची ती. काल. मी म्हटलं, पड. ती म्हणाली, 'बाई, पाय कसे ठेवू?' आणि मी—मी म्हटलं, 'ठेव गं कसेही, मन शांत ठेव.' मन शांत ठेव! पाठीवर आदळली. मी आपली वाट बघत राहिले—वर येईल, आता हसत वर येईल. सवय ना मला तशी. आलीच नाही हो. तळपायाला टाचणी टोचली तरी कळत नाही म्हणते.

तिच्या वडिलांनी हॉस्पिटलच्या दारातच गाठलं मला. 'तुम्हाला शिकवायचा अधिकार कोणी दिला?' मी म्हटलं, मास्तरांनी. निघून गेलं तोंडातून. तुमची रीत मला ठाऊक आहे ना—कागद नाही, कराटेवाल्यांसारखा कमरेचा पट्टा नाही, माणूस समोर उभा करायचा, नीट निरखायचा आणि एकदा मान हलवायची, की तो शिकवायला मोकळा. तेच सांगितलं. मास्तरांनी मान हलवली, म्हटलं. आता ते इकडेच निघालेत, तुम्हाला विचारायला. एकदाच, मास्तर. एकदाच हलवा. तुमचा मुलगा फोन उचलत नाही, कूस कोण बदलतं तुमची, चादरी कोण धुतं—जळो ही जीभ, केलेलं बोलून दाखवतेय. पण मला आत घातलं तर तुम्हाला भरवणार कोण? धमकी नाही हो, खरंच विचारते. कोण भरवणार?

जिन्यात वाजलं. तेच. थांबा, हनुवटी पुसते तुमची. या, या दादा. दार उघडंच आहे. कशी आहे आता ती?... बरं. नाही विचारत. बसा तरी. नको? हे बघा, मास्तर पूर्ण शुद्धीत आहेत. मान हलवून सांगतात सगळं. तुम्हीच विचारा, मी बोलतच नाही मध्ये.

ऐकलंत ना मास्तर, काय विचारलं यांनी? मी तुमच्यासमोर उभी राहिले होते ना? अशी—ही बघा, अशीच. आणि तुम्ही मान हलवलीत ना? मास्तर. अहो, वर बघा. इकडे, माझ्या तोंडाकडे.

पायांकडे काय बघताय?