काटा लालवर गेला तरी

—हात काढ! काढ आधी! रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस म्हटलं ना! आत उकळतंय ते, उडालं तर तोंडाचं कातडं सोलून निघेल, मग गॅरेज कोण चालवणार तुझं? तू मेकॅनिक आहेस, कबूल, पण मी बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय आणि या झाकणापायी तीन जण भाजलेले माझ्या डोळ्यांनी बघितलेत. बस त्या दगडावर. अर्धा तास तरी. बॉनेट राहू दे उघडं. नाही, वरून पाणी ओतू नकोस, तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तडकलंच समज. घाई मला आहे, तुला कसली? — नाही, मलाही नाहीये घाई. कुठे जायचंय म्हणजे काय? पुढे. रस्ता जातोय तिकडे.

सांगते ना काय झालं. तापमानाचा काटा चढला, वाफ आली, बंद पडली. आता सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण चालू होत नाही. चारदा बघितलं. आणि फिरतं ते कसं हलकं फिरतं, ऐकलंस ना तू? आत जोरच उरला नाहीये. मला विचारशील तर हेड गॅस्केट गेलं. ती डिपस्टिक ओढ, तिला हात लावलास तर चालेल — फडक्याने धर. बघ. तेल आहे की दुधाचा चहा? पाणी शिरलंय तेलात. मला ठाऊकच होतं, तरी तुला बोलावलं. माणूस डॉक्टरला बोलावतो तसंच.

खाली वाकून काय बघतोयस एवढं? रेडिएटर चिरलाय, हो, पंख्याची पात्यं वाकून आत गेलीत. म्हैस आडवी आली होती. मोठी होती. — काय? बंपरवर? हिरवा रंग? मग — मग म्हैस कशाला तरी घासून आली असेल. असा बघू नकोस माझ्याकडे. हिरवी म्हैस कुणी बघितलीये का, हेच आलं ना मनात? बरं बाबा, नव्हती म्हैस. फाटक होतं. लोखंडी, हिरव्या रंगाचं, आतून कुलूप लावलेलं. आणि एकदा नाही धडकले, तीनदा धडकले, प्रत्येक वेळी मागे घेऊन, आरशात बघून. आरशात बघून मागे घेतली, हे ध्यानात घे! सवय जात नाही मेली.

माझी धाकटी बहीण राहते तिथे. नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती इतकीशी, माझ्याच कुशीत वाढली. तिचा नवरा — तो मीच आणला, दुसऱ्या कुणी नाही. माझ्याच गाडीत शिकला, याच गाडीत. इतका हळुवार पाय, काय सांगू तुला! गिअर टाकताना आवाज नाही, खड्डा आला तर गाडीला दुखेल की काय अशी काळजी, रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं तर दहा हात अलीकडे थांबायचा. मी म्हटलं, ज्याचा क्लचवर पाय इतका हलका त्याचा हात काय जड असणार? मी म्हटलं हे! घरी नेला, जेवू घातला, धाकटीला म्हटलं डोळे मिटून हो म्हण. आणि तिने खरंच मिटले डोळे, माझं कधी मोडलं नव्हतं तिने. पहिल्या वर्षी तिची करंगळी कपाटाच्या दारात चेमटली. चुकून, म्हणाली. दुसऱ्या वर्षी कानाने कमी ऐकू यायला लागलं. सर्दीने, म्हणाली. मी काय खुळी होते? कळत होतं. पण कळलं असं म्हटलं की मग काहीतरी करावं लागतं, म्हणून कळत नव्हतं.

आज सकाळी फोन आला तिचा. बोलली काहीच नाही, नुसता श्वास. मग काहीतरी आपटल्याचा आवाज, पुन्हा आपटल्याचा, आणि फोन बंद. माझी शिकाऊ पोरगी स्टिअरिंगवर बसली होती, तिला म्हटलं उतर. भर चौकात उतरवलं बिचारीला. तिथे पोचले तर हा अंगणात, हातात नळी, झाडांना पाणी घालतोय. शांत. सदऱ्याची इस्त्री मोडली नव्हती. म्हणतो, "ताई, नंतर या, ती झोपलीये." आणि मला वरच्या खिडकीत ती दिसतेय, टॉवेल तोंडाला लावलेला, टॉवेल सगळा लाल. मी म्हटलं, फाटक उघड. तो म्हणाला, "घरातल्या गोष्टी घरात असू देत ना, ताई." त्या 'ताई'ने डोकं फिरलं बघ माझं. शिवी दिली असती तर कदाचित परत गेले असते.

पहिल्या धडकेत फाटक नुसतं वाजलं. दुसऱ्यात वाकलं. तिसऱ्यात एक झडप बिजागरीसकट आडवी झाली आणि मी आत. तोवर हा पहार घेऊन आला होता. ही काच बघतोस ना, ही त्याची. बॉनेटवरचे हे दोन खड्डे त्याचे. तिसरा घाव घालायला त्याने पहार उचलली, मागे पाण्याच्या टाकीची भिंत, मध्ये तो, समोर मी. पाय ब्रेकवर होता माझा. खोटं नाही बोलत, ब्रेकवरच होता. उचलला. तेवढंच केलं मी. पाय उचलला आणि क्लच सोडला, हळू, जसं मी शिकवते, एकदम नाही. हाड मोडतं ना, तेव्हा वाळक्या फांदीसारखा आवाज येतो म्हणतात. तसा नाही येत. ओलं काहीतरी पिळल्यासारखा येतो. तो ओरडत होता आणि मला — सांगू? — मला बरं वाटत होतं. अजून दाबावंसं वाटत होतं. दाबलंही थोडं.

मग धाकटी धावत आली. मी शेजारचं दार उघडलं, म्हटलं बस, बस लवकर. ती बसली नाही. दोन्ही तळहातांनी बॉनेट बडवायला लागली, "मागे घे, ताई, मागे घे!" वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, समोरचे दात नाहीत, शब्द नीट फुटत नाहीयेत, आणि मागे घे. घेतली मागे. तो घसरून खाली बसला, तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "जा इथून." माझ्यासाठी म्हणाली की त्याच्यासाठी? तू सांग. अकरा किलोमीटर मी हाच विचार करत आले. काटा चढताना दिसत होता मला! पोरींना पहिल्या दिवशी सांगते, काटा लालकडे निघाला की गाडी बाजूला, इंजिन बंद, कितीही घाई असू दे. आणि मी लाल बघत होते आणि पाय दाबत होते. जळू दे म्हटलं.

थांब. फोन. — धाकटी. बोल गं... कुठे? दवाखान्यात?... दोन्ही पाय?... शुद्धीवर आहे?... आणि तुझं तोंड?... टाके घातले का म्हणते मी... म्हणजे कुणाला दाखवलंच नाहीस? दात पडल्याचं काय सांगितलंस त्यांना?... काय? पुन्हा बोल. तो स्वतः म्हणतोय असं?... नाही. ऐक — अगं ऐक माझं — हॅलो?

ठेवला. जिवंत आहे तो. आणि तिथे सांगितलंय काय, तर ताईच्या जुन्या गाडीचा ब्रेक निकामी झाला. अपघात. तोही तेच म्हणतोय, ती फाटकाखाली सापडून पडली, तोंड फुटलं. मी पण तेच सांगायचं. म्हणते, "ताई, तू सुटशील." मी सुटेन! आणि ती? ब्रेक निकामी म्हटलं की संपलं ना रे, मग कुणी विचारणारच नाही मी गेले कशाला होते. महिन्या-दोन महिन्यांनी तो कुबड्या घेऊन घरी येणार, आणि कुबडीही लाकडाचीच असते.

नाही बाबा, गॅस्केट नको, काहीच नको उघडूस. एकच काम कर. आत बस आणि ब्रेकचं पेडल दाब. पायाने दाब, हाताने काय चाचपतोस! लागतोय ना कडक? आता मी दाबून धरते, तू उतरून गाडीला धक्का मार, हलतेय? नाही ना? कुणी विचारायला आलं तर हेच सांगायचं, ब्रेक धड होता, बघितलंस ते. आणि जा तू. सावलीत जाऊन उभा राहा नाहीतर घरी जा, पण जा — मला मोठ्याने बोलायचंय, पोलिसांशी, आणि पहिल्यापासून सांगायचंय, करंगळीपासून. जा म्हटलं ना. श्श — उचलला.