काशिनाथच्या पोटातली वाम

प्लेग येऊन गेल्यापासून सुरतेत जरा पोट गुरगुरलं तरी माणसं दवाखाना गाठत. पांडेसऱ्याच्या दवाखान्यात मृणालनं तोंडासमोर पेपर धरला होता खरा, पण कान शेजारच्या बाकाकडे होते. तिथं काशिनाथ पोट धरून बसला होता. बायको कमल हातातली नदीच्या पाण्याची बाटली ओळखीच्या मास्तरांना दाखवत होती; तिच्यात दोऱ्याएवढे दोन-तीन जीव वळवळत होते.

"मास्तर, ह्यांनी तापीत बुडी मारली अन् ह्यातलं एक गिळलं. जंत हाय का?"

"छे हो! वामीचं, त्या सापासारख्या लांब माशाचं, पिल्लू आहे. अंग काचेचं, नुसते डोळे काळे."

"काचेचं? पोटात फुटलं म्हंजे?"

"काचेसारखं, हो! समुद्रात जन्मतं तेव्हा पानासारखं चपटं असतं. किनाऱ्याशी येईपर्यंत दोऱ्यासारखं होतं, मग नदी चढतं. ओल्या भिंतीवरसुद्धा चढतं."

"तरी म्हनलं, ह्यांच्या घशाशी काय येतंय!"

"अहो, ते केव्हाच पचलं असेल."

"अन् जित्तं असलं तर?"

"जिवंत असतं तर मोठं होऊन, अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे धाव घेतली असती त्यानं!"

"अगं बाई, तरीच! सकाळपासनं ह्यांनी एकच धोशा लावलाय, डुमसच्या समुद्रावर जाऊ म्हनून."