पट्टा आणि पाना

नर्सने डोळ्यांत थेंब घालून डोळे मिटून बसायला सांगितलं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर शिंपीकाकांना ऐकण्याशिवाय दुसरं कामच उरलं नाही. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

"सासूबाईंना आत वेळ लागेल. तोवर तो मोबाईल ठेव की जरा बाजूला."

"ताई, लेक्चर आहे. फिजिक्सचं."

"भाऊजी विजेच्या खांबावरून पडले त्याला वर्ष नाही झालं, आणि तुला कॉलेज सुचतंय?"

"ह्यांच्या जागेवर नोकरी हवी, तर शिकायला नको?"

"सासूबाई काय म्हणतात?"

"त्या कुठे बोलत होत्या कोणाशी! हत्यारांचा तो जड पट्टा ह्यांना त्यांनीच घेऊन दिला होता. 'माझ्या पट्ट्यानेच लेकाला खाली ओढलं, नाहीतर हळू पडला असता, वाचला असता,' हेच धरून बसल्या होत्या."

"मग?"

"दुसऱ्याच लेक्चरला सर म्हणाले, जड असो की हलकं, वरून सोडलं की बरोबरच खाली येतं. मी लेक्चर तिथेच थांबवलं. सासूबाईंना जिन्याखाली बसवलं आणि वरून भरलेला पट्टा आणि एक सुटा पाना, दोन्ही एकदम सोडले."

"अगं, पण त्यांना दिसतं कुठे?"

"म्हणून तर कान देऊन बसल्या होत्या. एकच आवाज आला."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'दोन्ही टाकलेस ना गं? पुन्हा टाक.'"

"पटलं म्हणायचं."

"रोज टाकते, ताई. रोज म्हणतात, पुन्हा टाक."